हवेचा हिशेब ठेवणारी माणसं

पोलिसांनी जप्त केलेले, फटाक्यासारखा आवाज काढणारे गाड्यांचे सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवला, की दोन-तीन दिवस एक ठरलेली लढाई सुरू होते. एक बाजू म्हणते, बरं झालं, गाड्या ‘मॉडिफाय’ करणाऱ्या सगळ्यांनाच अशी अद्दल घडवा. दुसरी म्हणते, ही आमची आवड आहे. परदेशात याला कला मानतात, आपल्याकडे कदर नाही. मग पुरावा म्हणून जुन्या मिनी कूपरचे आणि अबार्थचे, म्हणजे शर्यतींसाठी सुधारलेल्या छोट्या युरोपीय गाड्यांचे, फोटो पुढे केले जातात. पहिली बाजू ते फोटो बघतही नाही. दुसऱ्या बाजूनंही ते नीट बघितलेले नसतात, असं मला अलीकडे वाटायला लागलं आहे.

कारण दोन्ही बाजू एकाच गैरसमजावर उभ्या आहेत. इंजिन ट्यून करणं म्हणजे गाडीचा आवाज वाढवणं, हा तो गैरसमज. छोट्या गाड्यांच्या शर्यतींत ज्यांनी हे काम उभं केलं, ती माणसं मुळात मोजणारी होती. त्यांची आठवण ठेवलीच पाहिजे असं माझं म्हणणं आहे. पण ती करंडकांची आणि ड्रायव्हरांच्या फोटोंची नको. त्यांनी काय मोजलं, कसं घासलं आणि ते पुढच्या माणसाच्या हातात कसं दिलं, याची हवी. ती तशी ठेवली असती, तर चौकात फटाके फोडणाऱ्या पोराला ‘तू त्यांचा वारस नाहीस’ एवढं तरी ठणकावून सांगता आलं असतं.

सायलेन्सरवरूनच भांडण आहे तर सायलेन्सरपासूनच सुरुवात करू. व्हिएन्नात जन्मलेल्या कार्ल आबार्थनं, म्हणजे नंतरच्या कार्लो अबार्थनं, 1949 साली इटलीत स्वतःची कंपनी काढली. शर्यतीच्या गाड्या बांधून पोट भरत नाही हे त्याला लवकर कळलं. मग त्यानं फियाटसारख्या साध्या गाड्यांना बसणारे सायलेन्सर बनवून विकायला घेतले आणि त्या पैशावर रेसिंगचा खर्च काढला. पुढे फियाट 600 या 633 सीसीच्या घरगुती गाडीतून त्यानं 850 आणि 1000 सीसीच्या अशा गाड्या काढल्या, की मागचं बॉनेट उघडं ठेवून धावणाऱ्या त्या ठेंगण्या गाड्या बघायला लोक जमायचे. आता प्रश्न असा, की सायलेन्सर विकणाऱ्या या माणसाची गाडी पळायची ती आवाजामुळे का? जळालेला वायू सिलिंडरमधून किती सहज बाहेर पडतो, यावर आत येणारी ताजी हवा किती भरेल हे ठरतं. नळीची लांबी, व्यास, चार नळ्या कुठे एकत्र येतात, या सगळ्याला हिशेब असतो. आतली जाळी उपटून टाकलेल्या सायलेन्सरमध्ये त्यातला कुठलाच हिशेब नसतो. उलट, बाकीचं इंजिन तसंच ठेवून नुसती मागची नळी मोकळी केली, तर खालच्या वेगाला गाडीचा पिकअप बऱ्याचदा कमीच होतो. आवाज वाढल्यामुळे तो वाढल्यासारखा वाटतो, एवढंच.

पण या माणसांचं काम खरं समजून घ्यायचं तर मिनीकडेच यावं लागतं. 1959 च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशननं आणलेली ही दहा फुटी गाडी सुएझ कालव्याच्या पेचानंतर पेट्रोल वाचवण्यासाठी जन्माला आली होती. 848 सीसी, 34 अश्वशक्ती. तिचा जनक अलेक इसिगोनिस, आणि त्याला तिची शर्यतीची गाडी करण्यात काडीचा रस नव्हता. इंजिन होतं कंपनीचं जुनं ‘ए-सिरीज’, 1951 सालच्या ऑस्टिन ए-30 साठी बनवलेलं. या इंजिनाला एक जन्मजात खोड होती. सिलिंडर चार, पण हवा आत येण्याची दारं दोनच. पहिला आणि दुसरा सिलिंडर एका दारातून श्वास घेणार, तिसरा आणि चौथा दुसऱ्या. ठिणगी पडण्याचा क्रम एक-तीन-चार-दोन असल्यामुळे एकाच दारावरचे दोघे लागोपाठ हवा ओढतात, मग बराच वेळ त्या दारावर शुकशुकाट. एकाचा व्हॉल्व्ह पुरता मिटलेला नसताना दुसरा ओढायला लागतो आणि शेजाऱ्याच्या तोंडचा घास पळवतो. मिनिटाला सहा हजार फेऱ्यांना हा प्रकार प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला 50 वेळा घडतो, आणि हवा ओढायला पिस्टनला प्रत्येक वेळी मिळतात सेकंदाचे पाच हजारांश. असल्या इंजिनातून कोणी शर्यत जिंकेल असं कागदावर तरी कोणाला वाटलं नसतं.

विल्टशर परगण्यातल्या डाउनटन नावाच्या गावात डॅनियल रिचमंड आणि त्याची बायको बंटी यांचं वर्कशॉप होतं. रिचमंडनं या इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरांवर बसणारं धातूचं झाकण, हातात घेतलं आणि आतल्या वाटा घासायला सुरुवात केली. दार मोठं करणं सोपं असतं. कोणताही उतावळा मेकॅनिक ग्राइंडर लावून ते करतो. पण वाट फार रुंद झाली की हवेचा वेग पडतो आणि खालच्या फेऱ्यांना इंजिन अडखळतं. कुठे घासायचं नाही हे कळणं हाच यातला अवघड भाग. व्हॉल्व्हच्या मागच्या वळणावर किती धातू ठेवायचा, दोन सिलिंडरांच्या मधल्या भिंतीचं नाक कसं गोलवायचं, ज्वलनकक्षाची कड कुठे मऊ करायची, याचं उत्तर दर घासणीनंतर मोजूनच मिळतं. डाउनटनच्या गाड्यांची ख्याती होती ती या मोजण्यामुळे: जोरात पळायच्या, आणि बाजारात भाजी आणायला नेल्या तरी कुरकुर करायच्या नाहीत. शेवटी खुद्द गाडी बनवणाऱ्या कंपनीनं रिचमंडचा सल्ला घ्यायला सुरुवात केली.

रिचमंड एकटा नव्हता आणि पहिलाही नव्हता. ए-सिरीजच्या हेडमधला बदामाच्या आकाराचा ज्वलनकक्ष हॅरी वेस्लेकच्या अभ्यासातून आला होता. हवा इंजिनात कशी शिरते हे यंत्रावर मोजून बघायचं, हा या माणसाचा ध्यास दुसऱ्या महायुद्धाच्या बऱ्याच आधीपासूनचा. आणि दोन सिलिंडरांना एक दार ही अडचणही नवी नव्हती; 1922 साली आलेल्या ऑस्टिन सेव्हन या छोट्या गाडीमध्ये ती होतीच. त्याच मोडक्या-तोडक्या ऑस्टिन सेव्हन घेऊन गरीब हौशी पोरं शर्यती खेळायची. 1951 मध्ये त्यातल्या कॉलिन चॅपमन नावाच्या तरुणानं दारातच उभी पट्टी घालून एका वाटेच्या दोन केल्या आणि सगळ्यांना मागे टाकलं. नियम करणाऱ्यांनी ती युक्ती लगेच बंद केली. याच चॅपमननं पुढे लोटस ही शर्यतीच्या गाड्यांची कंपनी काढली. खाणाखुणा विचाराल तर लोटसची पहिली गाडीही ऑस्टिन सेव्हनवरच बांधलेली होती, आणि तिकडे न्यूझीलंडमध्ये, पुढे स्वतःच्या नावाचा रेसिंग संघ काढणाऱ्या ब्रूस मॅकलारेननं पहिली शर्यत खेळली तीही ऑस्टिन सेव्हनमध्येच. स्वस्त गाडी आणि कडक नियम यांनी जेवढे इंजिनिअर घडवले, तेवढे अमर्याद पैशानं घडवले असतील का?

हे सगळं कोणाला आठवतं? मिनीचं नाव काढलं की लोक माँटे कार्लो रॅली सांगतात. 1964 मध्ये पॅडी हॉपकर्क जिंकला, 1965 मध्ये टिमो मॅकिनेन, 1967 मध्ये राउनो आल्टोनेन; आणि मधल्या 1966 मध्ये पुढच्या दिव्यांच्या नियमावर बोट ठेवून पहिल्या आलेल्या मिनीला बाद करून सित्रोएनला विजेता ठरवलं. ती दिव्यांची गोष्ट तर इतक्या वेळा सांगितली गेली आहे, की जिंकण्यापेक्षा बाद होण्यानंच मिनी अमर झाली म्हणायला हरकत नाही. कूपर हे आडनाव सगळ्यांना ठाऊक. शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या जॉन कूपरनंच कंपनीच्या साहेबांना गळ घालून शर्यतीची मिनी काढायला लावली, आणि त्याबद्दल त्याला गाडीमागे दोन पौंड मिळायचे. 1971 मध्ये ब्रिटिश लेलँडनं तो करार गुंडाळला. पण केंब्रिजच्या डॉन मूरनं तयार केलेली मिनी घेऊन क्रिस्टाबेल कार्लाइल ही संगीतशिक्षिका भल्याभल्या पुरुषांच्या मागे हात धुऊन लागायची, हे किती जणांना माहीत असतं? 1962 च्या ट्युलिप रॅलीत मिनी कूपरला पहिला मोठा आंतरराष्ट्रीय विजय पॅट मॉस या बाईनं मिळवून दिला, हॉपकर्कच्या दोन वर्षं आधी. बंटी रिचमंडनं वर्कशॉपचा व्यवहार सांभाळला नसता तर नवऱ्याचं घासकाम किती दिवस चाललं असतं?

यावर ड्रायव्हरांचे चाहते म्हणतील, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, की बर्फाळ घाटात रात्री जीव मुठीत धरून गाडी नेणारा वेगळाच असतो. हेड घासणारा घरी झोपलेला असतो. शिवाय मिनी बनवणाऱ्या कंपनीच्या ॲबिंग्डन इथल्या रेसिंग विभागाकडे पैसा, टायर, वाट आधी पाहून ठेवणारी माणसं, सगळं होतं. एका गावातल्या एका माणसाच्या डोक्यावर सगळं श्रेय ठेवणं हीसुद्धा व्यक्तिपूजाच. मान्य. पण 1966 च्या ऑस्ट्रेलियातल्या बाथर्स्टच्या शर्यतीत पहिल्या नऊ जागा नऊ मिनी कूपर एस गाड्यांनी घेतल्या, तेव्हा नऊच्या नऊ गाड्यांत आल्टोनेन बसलेला नव्हता. ड्रायव्हर एका गाडीला पुढे नेतो, इंजिनातलं ज्ञान सगळ्या गाड्यांना. म्हणून त्याची आठवण वेगळ्या रीतीनं ठेवावी लागते, आणि फोटोत ते येत नाही म्हणून तर अधिकच.

आता खरे जड आक्षेप. पहिला विषाचा. ही सगळी इंजिनं शिसं मिसळलेल्या पेट्रोलवर चालायची. ताणलेलं इंजिन ठोके देऊ नये म्हणून शिसं लागायचं आणि व्हॉल्व्हच्या बैठका झिजू नयेत म्हणूनही. ते शिसं हवेतून मुलांच्या रक्तात गेलं. भारतात ते बंद व्हायला 2000 साल उजाडलं. या माणसांपैकी कोणी त्याचा विचार केला होता असं मला म्हणवत नाही. दुसरा आक्षेप रक्ताचा. शर्यतींत माणसं मेली, ड्रायव्हर आणि प्रेक्षकही, आणि रस्त्यावर शर्यत लावणाऱ्या पोरांपायी आजही तिसऱ्याच कोणाचं तरी घर उजाडतं. तिसरा कायद्याचा: 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाही. सार्वजनिक रस्त्यापुरता हा निकाल मला पटतो. आणि चौथा, जो सगळ्यात जास्त ऐकू येतो: हे श्रीमंतांचे चोचले, तेही साहेबाच्या देशातले, मराठी माणसानं कशाला आठवायचे?

चौथ्याचं उत्तर आधी. भारतातल्या मोटार शर्यती पैसेवाल्यांच्या होत्या यात वाद नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या चेन्नईजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर गोंडलचे महाराज धावले, पुढे विजय मल्ल्या धावले. मुंबईतही जुहूच्या विमानतळावर शर्यती व्हायच्या, आणि तिथं गाडी घेऊन जाणारा माणूस गिरणीत साचा चालवणारा नव्हता. पण गाडी कोणती असायची? परदेशी गाड्यांवर बंदी, सुट्या भागांची टंचाई. मग कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली 1089 सीसीची फियाट नाहीतर मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या कारखान्यातली ती फियाट, जी पुढे पद्मिनी झाली आणि 2023 च्या ऑक्टोबरपर्यंत मुंबईची काळी-पिवळी म्हणून धावली, शोलावरमला हेड प्लेन करून, कार्बोरेटर बदलून शर्यत खेळायची. मालक श्रीमंत असेल. हेड उतरवणारा मिस्त्री नव्हता. आणि तोच मिस्त्री दुसऱ्या दिवशी टॅक्सीवाल्याच्या फियाटचं तेच काम उलट्या हेतूनं करायचा, गाडीनं लिटरला चार पावलं जास्त जावं म्हणून. ‘ॲव्हरेज किती देते?’ हा आपला राष्ट्रीय प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर शोधणाराही हवेचाच हिशेब करत असतो.

आणि या श्रीमंतांतच एक कोइम्बतूरचे एस. करिवर्धन निघाले. गिरणीमालकाच्या घरातला हा माणूस स्वतः उत्तम ड्रायव्हर होता, पण मी त्यांना मानतो ते वेगळ्या कारणासाठी. 1980 च्या दशकाच्या शेवटी त्यांनी मारुती 800 चं इंजिन घालून एक आसनी रेसिंग गाडी बनवली, फॉर्म्युला मारुती. सगळ्यांना तेच 796 सीसीचं बाजारातलं इंजिन, म्हणजे ज्याच्या खिशात जास्त तो पुढे, हा प्रकार बराच आटोक्यात आला. नरेन कार्तिकेयनची सुरुवात या गाडीतून झाली. 2005 मध्ये तो फॉर्म्युला वनमध्ये पोचला. करिवर्धन 1995 मध्ये विमान अपघातात गेले. कोइम्बतूरजवळच्या ट्रॅकला आज त्यांचं नाव आहे. मला त्या नावापेक्षा मोठी आठवण वाटते ती अशी, की ‘फॉर्म्युला भारत’ या स्पर्धेसाठी देशभरातली इंजिनिअरिंगची पोरं स्वतः बांधलेल्या गाड्या घेऊन त्याच ट्रॅकवर येतात. त्यात विजेवर चालणाऱ्या गाड्यांचाही वेगळा गट असतो.

या विजेमुळेच एक नवा युक्तिवाद सुरू झाला आहे: पेट्रोल इंजिन चाललंच आहे, मग त्याच्या कारागिरांना कवटाळून काय उपयोग? याचं उत्तर विलायतेत शोधायची गरज नाही, मिरजेला जावं. तिथले शिकलगार हत्यारांना धार लावणारे, घडवणारे. साहेबाचं राज्य आलं, तलवारी-भाल्यांची मागणी संपली. एकोणिसाव्या शतकात त्याच घराण्यांतल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं दुरुस्त करायला घेतली, मग बनवायला, आणि मिरजेचा तानपुरा देशभर गेला. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तलवार गेली म्हणून शिकलगाराचा हात वाया गेला का? तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर जवारी काढताना, म्हणजे सूर गुंजावा म्हणून ती घासताना, कानस कुठे थांबवायची, हे ज्या बोटांना कळत होतं त्यांचा वारसा धातूचा नव्हता. मात्र एक गोष्ट विसरता येत नाही: तो हात बापाकडून पोराकडे, उस्तादाकडून शागिर्दाकडे जात राहिला. मधली एक पिढी गळाली असती तर मानांकन द्यायला कोणी उरलं नसतं. गायक आपल्याला पाठ आहेत. त्यांचे तानपुरे कोणी लावून दिले, हे विचारायचं मात्र आपल्याला सहसा सुचत नाही.

डाउनटनचंही तेच. रिचमंड 1974 मध्ये गेला. पण त्याच्या वर्कशॉपात हात बसलेला हंगेरीचा यान ओडोर सॉल्सबरीत स्वतःची कंपनी काढून बसला होता, आणि तिथलाच रिचर्ड लाँगमन 1978 आणि 1979 अशी लागोपाठ दोन वर्षं ब्रिटनचा सलून कार विजेता झाला, वीस वर्षं जुनी रचना असलेल्या मिनीत, स्वतः बांधलेल्या इंजिनावर. डेव्हिड व्हिझार्डनं दुसरी वाट धरली. याच ए-सिरीज इंजिनावरची आपली मोजमापं, कोणता व्हॉल्व्ह घातल्यावर हवा किती वाढली, कोणत्या घासणीनं उलट घटली, हे सगळं त्यानं आकड्यांसकट छापून टाकलं. मग एखादा माणूस डाउनटनला कधीही न जाता ते काम करू शकला. शिष्य तयार करणं आणि आकडे उघड करणं, या दोन रीतींपुढे काचेत ठेवलेला करंडक मला फिका वाटतो.

शिसं आणि रक्ताच्या आक्षेपांना मात्र मी ‘पण’ लावणार नाही. ते त्या आठवणीचा भागच असले पाहिजेत. संग्रहालयात चकचकीत मिनी उभी करून पाटीवर फक्त वेग आणि विजय लिहिणं ही अर्धी आठवण झाली. बघा, 1964 ची विजेती मिनी ब्रिटनच्या गेडनमधल्या संग्रहालयात जपून ठेवली आहे; पण त्या काळच्या कारखान्याच्या रॅली गाड्यांचे सांगाडे मोडले की नवा सांगाडा आणून जुनीच नंबर प्लेट लावली जायची, हे या क्षेत्रातलं उघड गुपित आहे. मग अमुक गाडीतला ‘खरा’ पत्रा कोणता यावर हौशी मंडळी रात्री जागवतात आणि लिलावात त्यावर किंमत ठरते. पत्र्याच्या अस्सलपणावर एवढं भांडण, आणि त्यात बसलेलं हेड कोणी, कसं घासलं याची नोंद कुठेच नाही, हे मला विचित्र वाटतं.

आपल्याकडे तर अजून वेळ आहे. पद्मिनीची शेवटची टॅक्सी जाऊन फार वर्षं झाली नाहीत. फियाटचं हेड डोळे मिटून उतरवणारे मिस्त्री ताडदेवला, कोल्हापूरच्या उद्यमनगरात, पुण्याच्या नाना पेठेत सापडतील. बरेचसे सत्तरीपुढचे असतील. त्यांच्या डोक्यात व्हॉल्व्हच्या फटी आहेत, कार्बोरेटरमधल्या जेटचे नंबर आहेत, कोणत्या वर्षीच्या गाडीचं काय बिनसायचं ते आहे. इंजिनिअरिंग कॉलेजातल्या प्रोजेक्टच्या पोरांनी कॅमेरा आणि व्हर्निअर घेऊन त्यांच्याकडे जावं, उभं कापलेलं एक हेड समोर ठेवून बोलतं करावं, आणि मिळालेले आकडे, चुकलेल्या घासण्यांसकट, मराठीत छापावेत. पोलिसांनीही रोलर फिरवण्याआधी जप्त केलेले चार-दोन सायलेन्सर त्याच कॉलेजांना द्यावेत. मधोमध कापून, शेजारी कंपनीचा मूळ सायलेन्सर तसाच कापून ठेवला, की आतून काय उपटलं आहे आणि त्यानं पिकअप किती घटला, हे कॉलेजातल्या डायनॅमोमीटरवर, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, पोरं स्वतःच मोजतील.